२०२४-२५चे हिप-हॉप आणि पॉप अल्बम: सलग ऐकण्यासारखे कोणते, आणि बेस कुठे हरवतो?

शटलप्रवासी

पणजी-मडगाव कदंब शटलच्या एका फेरीत, म्हणजे साधारण पाऊण तासात, अख्खा बसेल असा अल्बम हवा आहे. सुटी गाणी नकोत. इंग्रजी चालेल, इतर भाषाही चालतील. हिंदी-मराठी रॅपचा धागा वेगळा आहे, तो इथे आणू नका.

तीन ऐकून झाले. केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स' रिकामा वाटला, बेस ठोकळ्यासारखा एकाच जागी बसतो. बिली आयलिशच्या 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट'मध्ये गाणी मध्येच तुटतात. टायलर, द क्रिएटरच्या 'क्रोमाकोपिया'त बडबड फार. तिन्हींची एवढी वाहवा का, ते कळेना.

साधनं: बसमध्ये फोन आणि वायरवाले इअरफोन, स्पॉटिफायवर. घरी दोन बुकशेल्फ स्पीकर, खोली दहा बाय बारा, वर स्लॅब. अल्बमच तसे आहेत, की ऐकण्यात काही चुकतंय?

घुमटकार

तीनपैकी दीड तक्रार सेटिंगची आहे, दीड आवडीची. आधी सेटिंग.

स्पॉटिफायच्या प्लेबॅकमध्ये जाऊन क्रॉसफेड (दोन गाणी एकमेकांत मिसळणं) शून्यावर आणा, ऑटोमिक्स (ॲपने स्वतःच गाणी जोडणं) बंद करा, गॅपलेस (दोन गाण्यांत खंड न पडू देणं) चालू ठेवा आणि शफल (उलटसुलट क्रम) काढा. क्रॉसफेड पाच-सहा सेकंदांवर राहिला असेल तर एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जातं. बिलीच्या अल्बमात गाण्यांचे शेवट आणि सुरुवाती मुद्दाम जुळवलेल्या आहेत, त्यांचा असा चोथा होतो.

शफलचा आणखी एक तोटा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आवाज सारखा करण्याची सोय 'नॉर्मल'वर असली की गाणी -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आसपास आणली जातात. अल्बम क्रमाने लावला तर सगळ्या अल्बमला एकच माप लागतं, म्हणजे हळू गाणं हळूच राहतं. शफल केलंत की प्रत्येक गाणं वेगळं मोजलं जातं. मग 'स्किनी'सारखं कुजबुजतं गाणं 'लंच'च्या बरोबरीला येऊन बसतं. अल्बमच्या नावातच 'हार्ड' आणि 'सॉफ्ट' आहे, तोच फरक पुसला तर उरलं काय?

'लामूर द मा व्ही' मात्र खरोखरच मध्यावर मोडतं. आधी संथ, जवळजवळ जुन्या हॉटेलातल्या बँडसारखं, आणि मग अचानक सिंथचा धडाका. ते तसंच बांधलंय. ते गाणं पटलं नाही तर तो तुमचा कौल, सेटिंगचा दोष नाही. दहा गाणी, ४४ मिनिटं, आणि प्रकाशनाआधी एकही गाणं सुटं सोडलं नव्हतं. त्यावरूनच कळतं की ते सलग ऐकायचं आहे.

आता 'जीएनएक्स'. 'रिकामा' हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. यातल्या बऱ्याच गाण्यांत खाली बेस, वर टाळी, एखादी पुन्हा पुन्हा येणारी सुरावट आणि मधली सगळी जागा आवाजासाठी मोकळी, अशी मांडणी आहे. लमार एका ओळीत तीनदा आवाज बदलतो, ते ऐकू यायला ती मोकळी जागा लागते. 'टीव्ही ऑफ' पाहा: अर्ध्यावर ठेका बदलतो, ब्रासचे फटके येतात, आणि तेव्हा कळतं की पहिला अर्धा भाग मुद्दाम कोरडा ठेवला होता.

बेस 'ठोकळ्यासारखा' वाटणं हा साधनाचा प्रश्न. ८०८चा (जुन्या ड्रम मशीनवरून आलेल्या खोल बेसचा) खालचा सूर साधारण ४० ते ६० हर्ट्झला असतो. तो नुसता धप्प करत नाही, सरकतोही. चवथीच्या आरतीला घुमट (गोव्याचं मडक्याचं तालवाद्य) वाजवणारा डाव्या हाताने मडक्याचं उघडं तोंड झाकतो-सोडतो आणि घुमणारा सूर वाकवतो, ती हालचाल डोळ्यांपुढे आणा. जोडीचं शामेळ (चामड्याचं तालवाद्य) आणि कासाळें (झांज) वरच्या पट्टीत वाजत असतात म्हणून ती वाक वेगळी ऐकू येते. ८०८चंही तेच. फोनच्या स्पीकरला २००-३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही जमत नाही, त्यामुळे तिथे सरकणारा सूर जातो आणि उरतो नुसता ठोका.

बसमध्ये हे करून पाहा. इअरफोन कानात असताना बोटाने हलकेच आत दाबा. बेस एकदम वाढला तर रबरी टोपी लहान आहे, एक माप मोठी लावा. दोन्ही कानांना एकच माप बसेल असंही नाही. टोपी नीट बसल्यावरही कमी वाटलं तरच इक्वलायझरला हात लावा: ६० हर्ट्झला +४ डेसिबल, आणि प्रीअँपची (एकूण आवाजाची पातळी) सोय असेल तर तिथे तेवढेच वजा. प्रीअँप न उतरवता नुसता बेस वाढवला की टाळी फाटते आणि लोक शिव्या मिक्सिंगला देतात.

माझं मत विचाराल तर अल्बम उत्तम, पण निर्दोष नाही. 'रीइन्कार्नेटेड' (रॅपर टूपॅकच्या गाण्याच्या तुकड्यावर उभं आहे) आणि शेवटचं 'ग्लोरिया', जिथे प्रेयसी म्हणून जिच्याशी बोलतो ती त्याची लेखणी निघते, ही दोन शिखरं. शीर्षकगीतच सर्वांत अशक्त.

कौलांखाली

घरच्या स्पीकरबद्दल. दहा बाय बारा स्लॅबच्या खोलीत 'जीएनएक्स' ठोकळ्यासारखा वाटणारच, खोलीचं गणितच तसं आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. ३४३ भागिले त्याची दुप्पट: ४७ हर्ट्झ. दहा फुटांचं तसंच काढलं तर ५६. म्हणजे तुमची खोली नेमकी ८०८च्या पट्ट्यात दोन ठिकाणी घुमते. बेस कुठलाही सूर वाजवो, त्या दोन सुरांवर फुगतो आणि बाकीचे खाली पडतात. जुन्या कौलारू घरात हे कमी जाणवतं, कारण कौलांच्या फटींतून खालचा आवाज बाहेर जातो. शेजाऱ्यांना तो जास्त ऐकू येतो, ते सोडा.

पैसे खर्च करण्याआधी: स्पीकर कोपऱ्यातून काढा, मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे. बसण्याची जागा खोलीच्या बरोबर मध्यावर नको, तिथे पहिला घुमणारा सूर जवळजवळ नाहीसा होतो. मागच्या भिंतीला टेकूनही नको, तिथे तो सर्वांत मोठा. लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसा. बारा फुटांत समोरच्या भिंतीपासून साडेचार फूट. स्पीकरच्या मागे भोक असेल तर त्यात पायमोजा गुंडाळून घाला. हसू नका, काम होतं.

मग ४०, ५०, ६०, ८० हर्ट्झचे साधे सूर एकेक करून हळू आवाजात वाजवा. काय काय खुळखुळतं बघा: कपाटाची काच, पंख्याची वाटी, देवघरातली घंटा. जी गुरगुर तुम्ही अल्बमची समजता ती निम्मी त्यांची असते.

म्हापसा_लोकल

टायलरला 'बडबड' म्हणणाऱ्यांशी भांडायला आलोय.

ती बडबड म्हणजे त्याच्या आईचा, बोनिता स्मिथचा, आवाज आहे. ती अल्बमभर सल्ले देते, आणि 'लाइक हिम'च्या शेवटी हिशेब उलटतो: बाप आयुष्यात नव्हता यात दोष आपला, असं ती कबूल करते. आधीचे सल्ले गाळलेत तर या कबुलीचं वजन लागत नाही, सल्ला देणारीवरच प्रश्नचिन्ह पडतं ते कळत नाही. 'हे जेन' गरोदरपणावर आहे, आधी तो बोलतो, मग ती. एवढ्या स्पष्टपणे दोन्ही बाजू मांडणारं रॅप हल्लीचं दुसरं दाखवा.

वाजवण्यातही कसब आहे. 'नॉइड'मध्ये वापरलेलं जुनं गाणं झाम्बियाच्या न्गोझी फॅमिली या सत्तरच्या दशकातल्या बँडचं. तो करकरीत गिटार मूळचाच खरखरीत आहे, इअरफोन फाटलाय समजून बदलू नका. दोष एकच: 'लाइक हिम'नंतर लगेच 'बलून' येतं आणि मूड सांडतो.

मात्र तो ५३ मिनिटांचा, तुमच्या शटलला पुरून उरेल. पणजी-म्हापसा फेरीसाठी त्याचाच 'डोन्ट टॅप द ग्लास' (२१ जुलै २०२५) आहे: दहा गाणी, २८ मिनिटं. हा बसून ऐकायचा नाहीच, नाचत, धावत, गाडी चालवत ऐका असं त्यानेच सांगितलंय. बसमध्ये उभं राहायला लागलं तर उत्तम.

चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' घ्या, ४१ मिनिटं. पहिलं गाणं '३६०', शेवटचं '३६५', आणि शेवटचं म्हणजे पहिल्याचंच पहाटे तीनचं रूप. लूपवर टाकलात तर अल्बम गोल फिरतो. बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' २७ तुकड्यांचा, ७८ मिनिटांचा आहे, शटलच्या दोन फेऱ्या लागतील. मधले रेडिओचे तुकडे काढले तर वेळ फारसा वाचत नाही, पण माझ्या मते सुधारतो. यावर मारामारी झालेली आहे, पुन्हा नको.

घुमटकार

@म्हापसा_लोकल 'बलून'बद्दल असहमत. एवढ्या जड गाण्यानंतर श्वास हवाच. रेडिओच्या तुकड्यांबद्दल तर अजिबात सहमत नाही, पण गप्प बसतो.

क्लिप्सचा 'लेट गॉड सॉर्ट एम आउट' (जुलै २०२५) सुटला. सोळा वर्षांनी दोघं भाऊ एकत्र आले, सगळं संगीत निर्माता फॅरेल विल्यम्सचं, वेळ ४१ मिनिटं. पहिल्याच गाण्यात एक भाऊ आईच्या जाण्यावर बोलतो, दुसरा वडिलांच्या. सहानुभूतीची एकही मऊ ओळ नाही, तपशीलच रडवतो. शब्द पहिल्यांदा न वाचता ऐका, दुसऱ्यांदा वाचत. उलट केलंत तर डोळे कानाच्या पुढे धावतात.

शटलप्रवासी

क्रॉसफेड सहा सेकंदांवर होता! टोपीही लहान निघाली, डाव्या कानाची. 'टीव्ही ऑफ' आता वेगळंच गाणं आहे. आणखी एक: पावसात काय ऐकावं? घराच्या मागच्या पडवीवर पत्रे आहेत. आणि नाचण्याजोगं पण पोकळ नसलेलं काही?

नारळीकाठ

पत्र्यावरचा पाऊस मधला आणि वरचा पट्टा खातो. कुजबूज, श्वास, तंतुवाद्यं आधी बुडतात. म्हणून जुलैत 'स्किनी' आणि 'क्रोमाकोपिया'चं पहिलं गाणं 'सेंट क्रोमा' लावू नका, दोन्हींत निम्मं काम पुटपुटण्याचं आहे. 'ब्रॅट' आणि क्लिप्स तगतात.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर एकच: बॅड बनीचा 'देबी तिरार मास फोतोस'. स्पॅनिश आहे, १७ गाणी, ६२ मिनिटं. ५ जानेवारी २०२५ला आला, तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी. रेईश मागूश चर्चच्या फेस्ताची तारीख आठवा, तोच सण. मुखपृष्ठावर केळीपुढे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या, बस. बार्देशातल्या कुठल्याही अंगणात सापडतील.

यात प्लेना आहे, पोर्तो रिकोचा हातात धरून वाजवायच्या डफांचा ठेका. तीन मापांचे डफ: मोठा सेगिदोर ठेका धरतो, मधला पुंतेआदोर भर घालतो, छोटा रेकिंतो वरून मोकळा फिरतो. घुमट-शामेळ ऐकलेल्या कानाला ही वाटणी लगेच कळते. 'काफे कोन रोन'मध्ये ती उघडी ऐकू येते. 'बायले इनोल्विदाब्ले' सहा मिनिटांचा साल्सा आहे, संगीतशाळेच्या विद्यार्थ्यांनी वाजवलेला. सुरुवातीचा सिंथ ऐकून पुढे ढकलू नका, खरं गाणं त्यानंतर उघडतं. आणि 'लो के ले पासो आ हवाई': हवाईचं जे झालं ते पोर्तो रिकोचं होऊ नये, नदी आणि किनारा हातचा जाऊ नये. याचं भाषांतर वाचून मगच ऐका, वर घुमटकारांनी सांगितलेल्या क्रमाला हा अपवाद. जमिनी कोण घेतंय यावर गोव्यात रोज बोलणाऱ्याला ते गाणं परकं वाटणार नाही. मधली दोन-तीन रेगेटॉन (लॅटिन नाचगाणी) एकाच साच्यातली आहेत, ती वगळलीत तरी चालेल.

३२० केबीपीएसला मिनिटाला २.४ एमबी जातात, म्हणजे हा अल्बम सुमारे १५० एमबी. घरीच उतरवून घ्या.

पावसाळ्यात इअरफोन खिशात ठेवू नका. झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाका. एका कानाचा आवाज कमी झाला तर वायरला दोष देण्याआधी जाळी बघा: टोपी काढून, जाळी खाली धरून, कोरड्या मऊ ब्रशने. वरून ब्रश फिरवलात तर मळ आत जातो आणि मग तो निघत नाही.