बिझीबॉक्स सोर्समधून बांधताना: मेनूकॉन्फिग उघडत नाही, टीसीवर अडतं, मेक इन्स्टॉलची धास्ती

तांबडा_कर्सर

डेबियन १३ (६४ बिट, जीसीसी १४) वर बिझीबॉक्स (एलएस, सीपीसारख्या अनेक आज्ञा एकाच फाइलीत देणारा प्रोग्रॅम) १.३६.१ सोर्समधून बांधतोय. शेवटी एकच स्टॅटिक (बाहेरच्या लायब्ररीविना चालणारी) बायनरी हवी आहे, पेनड्राइव्हवरच्या रेस्क्यू इनिटरामएफएससाठी, म्हणजे बूट होताना कर्नेल मेमरीत उलगडतो त्या छोट्या फाइलसिस्टिमसाठी. टारबॉल उतरवून शेजारच्या शा२५६ फाइलशी ताडून पाहिला, जुळतो. बिल्ड-इसेन्शियल, बीझिप२ आणि लिबएनकर्सेस-डेव्ह ही पॅकेजं टाकलेली आहेत. (आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टंकताना रोमनमध्येच घ्यायची.)

पहिली अडचण: पर्याय निवडायचा मेनू उघडायला 'मेक मेनूकॉन्फिग' दिलं की एनकर्सेस (टर्मिनलवर मेनू रेखाटणारी) लायब्ररी सापडत नाही म्हणतो. पॅकेज तर आहे, काढून पुन्हा टाकूनही फरक नाही.

दुसरी: मेनू सोडून दिला आणि डिफॉल्ट पर्याय घेऊन

मेक डेफकॉन्फिग
मेक -जे४

असं केलं, तर नेटवर्किंग/टीसी.सी या फाइलवर 'टीसीए_सीबीक्यू_मॅक्स अनडिक्लेअर्ड' येऊन थांबतं.

तिसरी अजून अडचण नाही, भीती आहे. बिल्ड झालंच, तर 'मेक इन्स्टॉल' फाइली कुठे टाकतं? सुडो लावायचा की नाही? माझ्या चालू सिस्टिमचे एलएस आणि सीपी त्यात उडायला नकोत.

मेकफाइलवाला

पहिल्या दोन्ही अडचणींत तुमची चूक नाही. सोर्स मे २०२३ चा आहे आणि तुमचा कंपायलर व हेडर त्याच्यानंतरचे.

मेनूकॉन्फिग: एनकर्सेस आहे की नाही हे बघायला स्क्रिप्ट्स/केकॉन्फिग/एलएक्सडायलॉग/ या डिरेक्टरीतली चेक-एलएक्सडायलॉग.एसएच एक इवलासा सी प्रोग्रॅम कंपाइल करून पाहते. त्यात नुसतं 'मेन() {}' लिहिलंय, परताव्याचा प्रकार दिलेलाच नाही. जीसीसी १३ पर्यंत ताकीद देऊन पुढे जायचा, १४ पासून ही सरळ एरर आहे. चाचणीचा प्रोग्रॅम कंपाइल झाला नाही, की स्क्रिप्ट समजते लायब्ररीच नाही. म्हणून पॅकेज दहा वेळा टाकलंत तरी तेच उत्तर येणार. ती फाइल एडिटरमध्ये उघडा, 'मेन' च्या आधी 'इंट' लिहा:

इंट मेन() {}

सेव्ह करा, मेनू उघडेल.

टीसी (नेटवर्कच्या ट्रॅफिक कंट्रोलची आज्ञा): सीबीक्यू ही ट्रॅफिक कंट्रोलची जुनी पद्धत कर्नेल ६.३ मध्ये काढली आणि ६.८ मध्ये हेडरमधल्या तिच्या व्याख्याही गेल्या. डेबियन १३ चे हेडर ६.१२ चे आहेत, त्यामुळे बिझीबॉक्सची टीसी.सी जे शोधते ते तिथे उरलेलंच नाही. १.३७.० घेतलीत तरी यातून सुटका नाही. रेस्क्यू डिस्कवर टीसी लागत नाही, काढून टाका. मेनूत 'नेटवर्किंग युटिलिटीज' खाली टीसीवर जाऊन एन दाबा. मेनू नको असेल तर .कॉन्फिग फाइलमधली

कॉन्फिग_टीसी=वाय

ही ओळ बदलून

# कॉन्फिग_टीसी इज नॉट सेट

अशी करा. सुरुवातीला हॅश दिसला तरी ही टिप्पणी नव्हे; केकॉन्फिग (पर्याय सांभाळणारी यंत्रणा) ती ओळ वाचतं आणि 'नको' असा अर्थ घेतं. नको म्हणून ओळच पुसलीत, तर पुढच्या वेळी तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल आणि नुसतं एंटर दाबलंत की टीसी परत आत.

शून्य_बाइट

तिसऱ्याचं उत्तर: बाय डिफॉल्ट 'मेक इन्स्टॉल' सोर्सच्याच डिरेक्टरीत '_इन्स्टॉल' नावाची डिरेक्टरी करतं. तिच्यात बिन, एसबिन, यूएसआर आणि लिनक्सआरसी नावाची एक लिंक. खरी फाइल एकच, बिन/बिझीबॉक्स. बाकी सगळ्या तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंक. कोणत्या नावाने हाक मारली ते बायनरी आर्ग्व्ही[०] मध्ये बघते आणि त्या ॲपलेटचं, म्हणजे आतल्या त्या आज्ञेचं, काम करते. सुडोची गरज नाही, लावूही नका.

भीती मात्र रास्त आहे. कॉन्फिग_प्रीफिक्सला नुसता '/' देऊन सुडोने इन्स्टॉल केलंत, तर इन्स्टॉल स्क्रिप्ट एलएन आज्ञेला -एफ पर्याय देते, म्हणजे आधीची फाइल असेल तर न विचारता तिच्या जागी लिंक. एलएस, सीपी, माउंट सगळे बिझीबॉक्सचे होतील, इनिटसुद्धा. 'मेक इन्स्टॉल-नोक्लॉबर' आधीच्या फाइलींना हात लावत नाही, पण चालू सिस्टिमच्या रूटवर तेही करायचं कारण मला तरी दिसत नाही.

शेवटी चौकटीत एक सूचना येते, की बायनरी सेटयूआयडी रूट (कोणीही चालवली तरी रूटच्या हक्काने चालणारी) करावी लागेल. ती एसयू, पासडब्ल्यूडी, पिंग अशांसाठी. इनिटरामएफएसमध्ये तुम्ही रूटच असता, दुर्लक्ष करा.

तांबडा_कर्सर

इंट टाकताच मेनू उघडला, टीसी काढल्यावर बिल्ड पूर्ण झालं. _इन्स्टॉल लाच रूट धरून शेल चालवायला 'सुडो सीएचरूट _इन्स्टॉल /बिन/एसएच' केलं तर

फेल्ड टू रन कमांड '/बिन/एसएच': नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

एसएच ची लिंक तर डोळ्यांसमोर आहे, बिझीबॉक्सही आहे. मग सापडत नाही ते काय?

मेकफाइलवाला

सापडत नाही तो लोडर, म्हणजे बायनरीला तिच्या लायब्ररी जोडून देणारा प्रोग्रॅम. डेफकॉन्फिगमध्ये स्टॅटिक बंद असतं, त्यामुळे तुमची बायनरी डायनॅमिक आहे आणि तिला सुरू व्हायला /लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ लागतो. सीएचरूटच्या आत तो नाही. कर्नेल 'फाइल नाही' म्हणतो आणि सीएचरूट बिचारा तुम्ही दिलेलंच नाव छापतो, म्हणून हा संदेश माणसाला भलतीकडेच शोधायला लावतो. 'फाइल बिझीबॉक्स' करून बघा, 'डायनॅमिकली लिंक्ड' दिसेल.

मेनूत 'सेटिंग्ज' मध्ये 'बिल्ड स्टॅटिक बायनरी' ला वाय द्या, मग

मेक क्लीन
मेक -जे४
मेक इन्स्टॉल

आता लिंकिंगच्या वेळी 'स्टॅटिक लिंकिंग अगेन्स्ट जीलिबसी, कान्ट यूज --जीसी-सेक्शन्स' असं दिसेल. ही चूक नाही (जीलिबसी म्हणजे डेबियनची नेहमीची सी लायब्ररी), पण त्या ओळीचा अर्थ लक्षात घ्या: न वापरलेले तुकडे लिंकर छाटू शकत नाही, फाइल फुगते. बिल्ड झाल्यावर बिझीबॉक्स_अनस्ट्रिप्ड.आउट ही फाइलही चाळा, त्यात 'गेटॲडरइन्फो' बद्दलच्या ताकिदी सापडतील. जीलिबसीमध्ये नावावरून पत्ता शोधण्याचं काम एनएसएस (नेम सर्व्हिस स्विच) कडे असतं आणि एनएसएसची मॉड्युल चालताना डायनॅमिकली उचलली जातात, बायनरी स्टॅटिक असली तरी. रेस्क्यू डिस्कवर ती मॉड्युल नसणार. मग आयपी पत्ता दिला तर डब्ल्यूगेट चालतो आणि नाव दिलं की 'बॅड ॲड्रेस'. नेटवर्क लागणार नसेल तर सोडून द्या. लागणार असेल तर मसल या दुसऱ्या, छोट्या सी लायब्ररीने बांधा.

फेडोरावाल्यांसाठी: तिथे जीलिबसी-स्टॅटिक पॅकेज वेगळं असतं. ते नसेल तर लिंकर '-एलसी' किंवा '-एलएम' सापडत नाही म्हणून थांबतो.

पाइप_आणि_पोहे

मसलचं वरवर सोपं वाटतं, पण डेबियनवर एक खड्डा आहे. मसल-टूल्स पॅकेज टाकून

मेक सीसी=मसल-जीसीसी

दिलंत की थोड्याच वेळात 'लिनक्स/केडी.एच: नो सच फाइल' येईल. मसल-जीसीसी मुद्दामच सिस्टिमच्या /यूएसआर/इन्क्लूड कडे बघत नाही, नाहीतर जीलिबसीचे हेडर त्यात मिसळले असते. कर्नेलचे हेडर नेमके तिथेच असतात. उपाय म्हणून मसलच्या हेडर-डिरेक्टरीत, म्हणजे /यूएसआर/इन्क्लूड/एक्स८६_६४-लिनक्स-मसल मध्ये, चार सिमलिंक करा: लिनक्स, एएसएम-जेनेरिक आणि एमटीडी या तिन्ही /यूएसआर/इन्क्लूड मधल्या त्याच नावांकडे. चौथी एएसएम, ती मात्र /यूएसआर/इन्क्लूड/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/एएसएम कडे. लोक एएसएमही /यूएसआर/इन्क्लूड मध्येच शोधतात आणि तिथे अडकतात. एमटीडी विसरलात तर फ्लॅशकॉपीसारख्या ॲपलेटपाशी पुन्हा थांबेल.

सिस्टिमच्या डिरेक्टरीत लिंका पेरणं पटत नसेल (मला फारसं पटत नाही) तर अल्पाइन लिनक्सचा कंटेनर घ्या. तिथला जीसीसी मुळातच मसलवर आहे. बिल्ड-बेस, लिनक्स-हेडर्स आणि मेनूसाठी एनकर्सेस-डेव्ह एवढं टाकलं की लिंकांचा खटाटोप नाही. तयार स्टॅटिक फाइल बाहेर कॉपी करा, कुठल्याही ६४ बिट एक्स८६ लिनक्सवर चालेल. पूर्ण डेफकॉन्फिग धरून जीलिबसीने ती दोन एमबीच्या पुढे जाते, मसलने एक एमबीच्या थोडी पुढे. १९९५ मध्ये ब्रूस पेरेन्सने हे सुरू केलं ते डेबियनची बूट फ्लॉपी एकाच १.४४ एमबीत बसावी म्हणून. जीलिबसीची स्टॅटिक फाइल आज त्या फ्लॉपीत मावायची नाही.

रास्पबेरी पाय किंवा दुसऱ्या आर्म बोर्डासाठी १.३७.० बांधणाऱ्यांना 'शाएनआय अनडिक्लेअर्ड' अशी एरर येते. इंटेलच्या सूचनांवर चालणारा शा१ चा कोड तिथे नीट झाकलेला नाही. कॉन्फिग_शा१_एचडब्ल्यूएक्सेल बंद केलं की झालं.

तांबडा_कर्सर

अल्पाइनमधून बांधली, सीएचरूटमध्ये शेल मिळाला. पीएस 'कान्ट ओपन /प्रॉक' म्हणतो, ते प्रॉक माउंट न केल्यामुळे, एवढं कळलं. दोन प्रश्न उरले. रोजच्या वापरासाठी ह्याच लिंका पाथमध्ये (शेल आज्ञा शोधतो त्या डिरेक्टरींच्या यादीत) पुढे ठेवल्या तर? आणि इनिटरामएफएस बांधताना कशाकडे लक्ष द्यायचं?

शून्य_बाइट

पाथमध्ये पुढे ठेवू नका. नावं तीच असली तरी पर्याय तेवढे नाहीत. ग्रेपला -पी नाही, डेटला '-डी नेक्स्ट फ्रायडे' कळत नाही. तुमच्या स्क्रिप्ट अर्ध्यावर मोडतील आणि दोष भलत्याच ओळीत शोधाल. सोबत हवंच असेल तर /ऑप्ट/बिझीबॉक्स/बिन अशी वेगळी डिरेक्टरी करा, बायनरी तिच्यात ठेवा आणि तिथूनच

./बिझीबॉक्स --इन्स्टॉल -एस /ऑप्ट/बिझीबॉक्स/बिन

द्या. डिरेक्टरी सांगितली की सगळ्या लिंका त्या एकाच जागी पडतात, आधीची फाइल असेल तर ती तशीच राहते. पाथमध्ये ही डिरेक्टरी शेवटी टाका.

हीच आज्ञा _इन्स्टॉल भरायला मात्र वापरू नका. ती लिंकांमध्ये बायनरीचा पूर्ण पत्ता लिहिते, म्हणजे तुमच्या होममधल्या सोर्स डिरेक्टरीचा. सीएचरूटच्या आत तो पत्ता नाही, सगळ्या लिंका मेलेल्या. 'मेक इन्स्टॉल' ../../बिन/बिझीबॉक्स असे सापेक्ष पत्ते लिहितं, म्हणून ती डिरेक्टरी कुठेही उचलून नेता येते.

आणि बायनरीचं नाव बदलायचं झालं तर 'बिझीबॉक्स' ही सुरुवात राहू द्या. बिझीबॉक्स-मसल चालेल, नुसतं 'बीबी' ठेवलंत तर 'बीबी: ॲपलेट नॉट फाउंड'.

पाइप_आणि_पोहे

इनिटरामएफएसमध्ये कर्नेल /इनिट शोधतो. 'मेक इन्स्टॉल' ने केलेले लिनक्सआरसी आणि एसबिन/इनिट तिथे आपोआप कामाला येत नाहीत. _इन्स्टॉल मध्ये प्रॉक, सिस आणि डेव्ह अशा तीन रिकाम्या डिरेक्टरी करा आणि इनिट नावाची फाइल लिहा:

#!/बिन/एसएच
माउंट -टी प्रॉक प्रॉक /प्रॉक
माउंट -टी सिसएफएस सिस /सिस
माउंट -टी डेव्हटीएमपीएफएस डेव्ह /डेव्ह
एक्झेक सेटएसआयडी सीटीटीवायहॅक एसएच

सीएचमॉड +एक्स विसरायचं नाही. शेवटच्या ओळीत नुसतं एसएच लिहिलंत तरी शेल मिळतो, पण 'कान्ट ॲक्सेस टीटीवाय. जॉब कंट्रोल टर्न्ड ऑफ' येतं आणि कंट्रोल-सी चालत नाही, म्हणजे अडकलेला पिंग थांबवायलाही रीबूट. सीटीटीवायहॅक हा बिझीबॉक्समधलाच ॲपलेट खरा टीटीवाय (टर्मिनल) शोधून शेलला जोडून देतो.

मग _इन्स्टॉल च्या आत जाऊन पॅक करा:

सीडी _इन्स्टॉल
फाइंड . | सीपीआयओ -ओ -एच न्यूसी | जीझिप > ../रेस्क्यू.जीझेड

'आत जाऊन' हे महत्त्वाचं. बाहेरून 'फाइंड _इन्स्टॉल' केलंत तर प्रत्येक पत्त्यापुढे _इन्स्टॉल/ लागतं, कर्नेलला /इनिट सापडत नाही आणि 'अनेबल टू माउंट रूट एफएस' म्हणत पॅनिक येतो. -एच न्यूसी (यातला एच मोठा, कॅपिटल) गाळलंत तरी कर्नेल तो संग्रह उलगडत नाही आणि शेवट तोच. पेनड्राइव्हवर नेण्याआधी क्यूईएमयू या एम्युलेटरला -कर्नेल आणि -इनिटआरडी देऊन चालवून बघा. मेमरी २५६ एमबी पुरे.