दरमहा खात्यात पैसे आले की माणसे काम सोडतात का?

प्रश्न : लोकमान्यनगर, इंदूर

आमच्या घरात गेले कित्येक दिवस एकच वाद चालू आहे. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंना मध्य प्रदेश सरकारच्या लाडली बहना योजनेचे पैसे मिळतात. जून २०२३ मध्ये दरमहा १,००० रुपयांपासून सुरू झालेली ही रक्कम त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात १,२५० झाली. त्यानंतर काही महिन्यांनी बाईंनी आपल्या पाच घरांपैकी एक घर सोडले. माझे सासरे म्हणाले, "बघ, आयते मिळू लागले की हात थांबतात." मी बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की त्या घरी पगार पंधरा-वीस तारखेपर्यंत लांबवला जात असे आणि तापाने पडून राहिले तरी तेवढ्या दिवसांचे पैसे कापले जात. पूर्वीही ते घर त्यांना नकोच होते, परंतु सोडले तर महिन्याचे तेल आणि गॅसचे सिलिंडर कशातून आणायचे, असा प्रश्न होता.

मला याला आळस म्हणवत नाही. तरीही सासऱ्यांचा मूळ प्रश्न मला सहज बाजूला सारता येत नाही. शासनाने सढळ हाताने देत राहिले, तर पुढच्या पिढीची कष्टाची सवय सुटेल का, आणि हा पैसा शेवटी कोणाच्या खिशातून येतो? ज्यांनी याचा विचार केला आहे, त्यांची मते वाचायला आवडतील.

उत्तर १ : सुदामानगर, निवृत्त बँक अधिकारी

ताई, बाईंनी ते घर सोडले हे योग्यच केले. माझी हरकत त्यांच्यावर नाही, हिशेबावर आहे. उदार कल्याणकारी राज्य म्हटले की स्वीडनचे उदाहरण दिले जाते, पण तिथे मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २५ टक्के आहे आणि तो श्रीमंतांबरोबर सामान्य माणूसही रोजच्या खरेदीत भरतो. आपल्याकडे केंद्र आणि राज्ये यांचे मिळून करउत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक पंचमांशापर्यंतही पोहोचत नाही. अशा स्थितीत नवी रक्कम जाहीर झाली की ती बरीचशी कर्जातून येते, नाहीतर रस्ते, पाणी आणि दवाखाने यांच्या तरतुदीतून कापली जाते.

माणसाच्या वागण्यावर परिणाम होतच नाही, असेही मला वाटत नाही. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस आजारपणाच्या रजेची भरपाई पहिल्या दिवसापासून मिळू लागली आणि रजांचे प्रमाण वाढले. पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी तिथली अर्थव्यवस्था सलग तीन वर्षे आक्रसली, तेव्हा १९९३ साली रजेचा पहिला दिवस पुन्हा बिनभरपाईचा करावा लागला. त्यांनी व्यवस्था मोडली नाही, दुरुस्त केली. आपल्याकडे मात्र निवडणुकीआधी रक्कम वाढते, २०२३ मध्ये इथे झाले तेच २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांनी होते, आणि एकदा वाढलेली रक्कम कमी करण्याचे धैर्य कोणत्याच पक्षाला होत नाही.

उत्तर २ : रामबाग, निवृत्त शिक्षिका

माणसे काम सोडतात का, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या इंदूर जिल्ह्यातच शोधले गेले आहे, आणि इंदूरकरांनाच ते फारसे ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते. २०११ साली 'सेवा' या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने येथील आठ गावांत प्रत्येक प्रौढाला दरमहा २०० आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये द्यायला सुरुवात केली. वर्षभराने हीच रक्कम ३०० आणि १५० करण्यात आली. अट कोणतीच नव्हती. मुलांचे पैसे आईच्या हाती जात. तुलनेसाठी ज्यांना काही दिले नव्हते अशी बारा गावेही पाहिली गेली.

पैसे दारूत जातील, असे तेव्हा पुष्कळजण म्हणत होते, पण दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. लहान मुलांच्या वजनात सुधारणा दिसली, शाळेतील हजेरी वाढली. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की काही कुटुंबांनी दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यावर बी-बियाणे घातले, कोणी शेळी घेतली, कोणी शिलाई मशीन. मजूर लावणाऱ्या शेतकऱ्याला हे 'काम सोडणे' दिसले असेल, परंतु त्या घरांतले श्रम कमी झाले नव्हते, ते स्वतःच्या शेताकडे वळले होते. तुमच्या बाईंच्या बाबतीत मला हेच दिसते.

हा प्रयोग सुमारे दीड वर्षच चालला आणि त्याचा पैसा करातून आलेला नव्हता, त्यामुळे वर मांडलेल्या हिशेबाच्या प्रश्नाला तो उत्तर देत नाही, हे मी मान्य करते. आळशीपणाचा आरोप मात्र यापुढे कोणी पुराव्याशिवाय करू नये.

उत्तर ३ : परदेशीपुरा

माझे वडील येथील एका कापडगिरणीत साचे चालवत. गिरणी बंद झाली तेव्हा मी आठवीत होतो. त्यांचा पितळी बिल्ला आईने देवघराच्या खणात ठेवला होता, कारण थकलेली देणी मिळतील तेव्हा तो दाखवावा लागेल, असे वडील सांगत. ती देणी त्यांच्या हयातीत मिळाली नाहीत. कष्टाची सवय त्यांना भरपूर होती, पण बेकारीच्या काळात टेकायला काहीच नव्हते, आणि त्या चार-पाच वर्षांत आमच्या थोरल्या भावाची शाळा सुटली ती कायमची. सढळ मदतीने समाज बिघडतो का, हे विचारताना मदत न मिळाल्याने काय बिघडते याची नोंदही कोणीतरी ठेवली पाहिजे.

माझ्या मते रकमेपेक्षा ती कशाच्या बळावर मिळते हे महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी त्या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. खडी फोडण्याचे आणि माती वाहण्याचे काम कोणी हौसेने मागत नाही, त्यामुळे गरजू आपोआप निवडले गेले. या योजनेसाठी १९७५ मध्ये शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. पैसा कोठून येतो, हे ज्याच्या पगारातून कापला जाई त्याला कळू शकत होते.

उत्तर १ देणाऱ्याचे प्रत्युत्तर

माझ्या नोकरीची सहा वर्षे नाशिकला गेली आणि तो कर माझ्याही पगारातून दरमहा कापला जात असे. अशा मदतीला माझा विरोध नाही. योजना आणि तिच्यासाठीचा कर एकाच वेळी, एकाच सभागृहासमोर मांडला जावा, एवढेच माझे म्हणणे आहे. शिक्षिकाबाईंनी सांगितलेल्या गावांविषयी मला काहीच माहिती नव्हती, आणि आळशीपणाच्या मुद्द्यावर मी माझे मत बदलतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

हे सर्व मी सासऱ्यांना वाचून दाखवले. त्यांनी सगळे ऐकून एकच विचारले, "या बाईंचे वय काय?" बाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत, आणि लाडली बहनेची वयोमर्यादा साठ आहे. दोन वर्षांनी ही रक्कम बंद होईल. त्यानंतरच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ऐंशीव्या वर्षापर्यंत दरमहा २०० रुपयेच आहे, आणि तो वर्षानुवर्षे वाढलेला नाही. अटल पेन्शन आणि श्रमयोगी मानधन या दोन्ही निवृत्तिवेतन योजनांत चाळिशीनंतर नाव नोंदवता येत नाही. ज्यांच्या घरी अशा वयाच्या बाई काम करतात, त्यांनी त्यांच्यासाठी काही व्यवस्था केली असल्यास कृपया तपशिलाने लिहावे. आम्ही चार घरे मिळून दरमहा काही रक्कम पोस्टात त्यांच्या नावे टाकावी, असे सासऱ्यांनी सुचवले आहे.