मदत हवी आहे: पन्नास मशीनसाठी थ्रेड की इव्हेंट लूप? (पायथन)

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपसाठी छोटा सर्व्हर लिहितोय. पन्नासेक सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) आहेत. दर दोन सेकंदांनी प्रत्येकीच्या कंट्रोलरला मॉडबस टीसीपीवरून (कारखान्यातल्या यंत्रांशी नेटवर्कवर बोलायची पद्धत) विचारायचं, चालू का बंद, नग किती झाले, आणि ते पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाकायचं. शिफ्ट सुटली की मालकांना पीडीएफ.

सध्या दर मशीनला एक थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये स्वतंत्र चालणारं काम) आहे आणि चालतंय. पण पुण्यात नोकरीला असलेला मित्र म्हणतो, हे जुनाट झालं, सगळं असिंकआयओवर घे, म्हणजे पायथनच्या इव्हेंट लूपवर, जिथे एकच थ्रेड सगळी कामं आळीपाळीने करतो. करून बघितलं, तर पीडीएफ बनेपर्यंत सगळ्या मशीनचं रीडिंग थांबतं. आणि लाईट जाऊन आली की कंट्रोलर उठायला वेळ लावतात, तेवढा वेळ थ्रेड नुसते बसून असतात. हे चालेल का? मच्छेतला प्लांट जोडला तर मशीन दुप्पट होतील.

उत्तर (निपाणीहून):

चालेल की! बसलेला थ्रेड सीपीयू खात नाही. लिनक्सवर थ्रेडला साधारण ८ एमबीचा स्टॅक (थ्रेडची कामाची मेमरी) दिसतो, पण ती राखीव जागा. खरी मेमरी वापरेल तेवढीच लागते. इव्हेंट लूप हा हजारो जोडण्यांवरचा उपाय. प्रोग्रॅमर डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडलेला प्रश्न एका सर्व्हरवरच्या दहा हजार जोडण्यांचा होता, तुमच्या शंभराचा नाही.

पीडीएफचं कोडं सोपं आहे. लूपमध्ये एका वेळी एकच काम चालतं आणि ते अवेटपाशी (कोडमध्ये ‘इथे वाट बघायची’ असं सांगणारा शब्द) आपणहून जागा सोडतं. पीडीएफच्या कोडमध्ये अवेट नाही, मग सोडणार कोण? थ्रेडमध्ये मात्र पायथन साधारण ५ मिलिसेकंदांनी जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारा लॉक) दुसऱ्याला द्यायला लावतो, आणि सॉकेटवर (नेटवर्कच्या जोडणीवर) थांबलेला थ्रेड तो धरूनच बसत नाही. म्हणून तिथे सगळं रेंगाळेल, पण अडणार नाही. तरी पीडीएफ वेगळ्या प्रोसेसमध्येच काढा.

सॉकेटला टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) द्याच. लाईट आल्यावर सगळे एकदम जोडू नका, प्रत्येक थ्रेडला थोडा कमीजास्त उशीर द्या. आणि पन्नास थ्रेडांनी पोस्टग्रेसला हात लावायचा नाही. सगळे रीडिंग एका क्यूमध्ये (रांगेत) टाकतील, लिहिणारा थ्रेड एकच.

प्रश्नकर्ता:

पण पोस्टग्रेस बंद पडलं तर क्यू फुगणार नाही का?

उत्तर:

क्यूला मॅक्ससाइझ (कमाल लांबी) द्या, भरली की जुनं रीडिंग टाकून द्या. कंट्रोलर नगांची चढती बेरीज देत असेल तर मधली रीडिंग गेली तरी हिशेब जुळतो. चालू-बंदच्या नोंदी मात्र तशा सोडता येणार नाहीत, त्या फाईलमध्ये लिहून ठेवा.