आपली मंडळी, बडोदे

धाकटी वहिनी: आत्या, चिकन चिरायला घेतलं तर ब्रेस्टच्या आतली पट्टी हिरवी निघाली! वरून अगदी गुलाबी होतं. फोटो टाकलाय. संध्याकाळी पाहुणे आहेत हो.

दादा: औषधं टोचलेली असणार. टाकून दे.

आत्या: थांबा जरा. वास येतोय? हाताला बुळबुळीत, चिकट लागतंय?

धाकटी वहिनी: नाही. ती पट्टीच तेवढी कोरडी, भुसभुशीत आहे.

आत्या: मग ते सडलेलं नाही आणि औषधाचंही नाही. छातीच्या मोठ्या मांसाखाली, हाडाला लागून एक पट्टी असते. पंख वर उचलायचं काम तिचं. जड ब्रॉयलर कोंबडीने जोरजोरात पंख फडफडवले की ती फुगते. पण एका बाजूला हाड, वरून घट्ट आवरण, फुगायला जागाच नाही. रक्त पोचत नाही, तेवढं मांस मरतं आणि पुढे हिरवं पडतं. जंतूंचा संबंध नाही. बिचाऱ्या कोंबडीलाच त्रास झालेला असतो. तेवढा भाग कापून काढायचा, बाकीचं चालतं.

काकू: आणि शिजल्यावर हाडाजवळ काळं-लाल दिसतं ते? आमच्याकडे मुलं लेगपीस तसेच ठेवतात.

आत्या: कोवळ्या कोंबडीची हाडं सच्छिद्र असतात. फ्रीझरमधलं मांस शिजवलं की मज्जेतला रंग बाहेर झिरपतो. जाड भागात ७४ अंश आले असतील तर खुशाल खा. रंगावर जाऊ नका.
वहिनी, आणलं कधी होतंस?

धाकटी वहिनी: दहाला. लाइट गेली होती, म्हणून फ्रिजमध्ये ठेवलंच नाही. ओट्यावरच होतं.

आत्या: अगं, दीड वाजलाय! सगळंच टाक.

दादा: वास नाही म्हणतेय ना ती? चार शिट्ट्या जास्त देऊ दे.

आत्या: नाही रे. बाहेर ३२ अंशांच्या वर असलं की कच्चं मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको, आणि हा बडोद्याचा मे आहे. शिट्ट्यांनी जंतू मरतील, पण काही जंतू जे विष सोडतात ते उकळूनही जात नाही. त्याला वासही नसतो. घरात लहान मुलं आहेत, पैशांकडे बघू नकोस. आणि लाइट गेली तरी दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास गार राहतो.

धाकटी वहिनी: जीव तुटतोय, पण टाकते.

दादा: मी आणतो दुसरं. पाचपर्यंत देतो.

आत्या: बर्फ घातलेला डबा घेऊन जा, बाकीची कामं उरकून चिकन शेवटी घे. वहिनी, ओटा आणि सुरी साबणाने घास. नवं चिकन नळाखाली धुवू नकोस, शिंतोडे सगळीकडे उडतात. कोशिंबिरीची काकडी दुसऱ्या पाटावर चिर.