पावसात भुयारी गटार उलटं येतंय. अनुदान कोणत्या योजनेतून मागायचं?

प्रभाग सातची नगरसेविका:

नमस्कार. परभणी जिल्ह्यातल्या एका ब वर्ग नगरपरिषदेत मी डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत पहिल्यांदाच निवडून आले. माझा प्रभाग गावाच्या उताराला आहे. बाजारपेठ वर, आम्ही खाली, आणि आमच्याही खाली ओढा.

आमच्या चार-पाच गल्ल्यांत जुनी भुयारी गटार लाईन आहे, बाकी गावात उघड्या नाल्या. जोराचा पाऊस आला की चौकातल्या चेंबरचं झाकण उचललं जातं आणि काळं पाणी रस्त्यावर येतं. एवढ्यावर थांबत नाही. तळमजल्यावरच्या घरांत संडासच्या भांड्यातून पाणी उलटं वर यायलंय. मागच्या सप्टेंबरात एका घरी बाळंतीण होती. तिला बाजेसकट उचलून शेजारच्या माडीवर न्यावं लागलं. पाणी ओसरल्यावर त्या घराच्या भिंतीवर हातभर उंचीपर्यंत घाणीची रेघ होती. फिनेलनं धुतलं, चुना मारला, तरी वास आठवडाभर गेला नाही.

लोक मला रोज विचारायलेत. नगरपरिषदेत बोलले तर सांगतात, "ताई, मोठा पाईप टाकायचा प्रस्ताव करू, केंद्राचं अनुदान आहे." दुसरे म्हणतात, राज्याच्या नगरोत्थान योजनेतून नाली बांधू. सर्वसाधारण सभेत ठराव यायचाय आणि त्याआधी मला विषय समजून घ्यायचाय. कोणती योजना, आमचा हिस्सा किती, प्रस्ताव कुणाकडे जातो? आणि या पैशातून आमचं पाणी खरंच थांबेल का? माहितीतल्यांनी सांगावं.

---

निवृत्त उपअभियंता:

ताई, मोठ्या पाईपच्या ठरावाला सध्या तरी हात वर करू नका. का ते सविस्तर सांगतो. माझी सगळी नोकरी मराठवाड्यातल्या नगरपरिषदांच्या पाणीपुरवठा आणि गटारांच्या कामात गेली आणि ही एकच चूक मी गावोगाव होताना पाहिली आहे.

तुमच्या गटारात जे पाणी मावत नाही ते सांडपाणी नाही, पाऊस आहे. आकडे बघा. समजा तुमच्या प्रभागाचा उतार वीस हेक्टर आणि वस्ती चार हजार. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं. म्हणजे दिवसाला चार लाख तीस हजार लिटरच्या आसपास. सकाळच्या गर्दीच्या वेळेसाठी सरासरीच्या तिप्पट धरलं तरी सेकंदाला १५ लिटर. आता त्याच वीस हेक्टरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडू द्या. छपरं आणि काँक्रीटचे रस्ते धरून त्यातलं सत्तर टक्के पाणी वाहून येतं. हिशेब होतो सेकंदाला जवळपास १,९४० लिटर. एकीकडे १५, दुसरीकडे १,९४०. पाईप दुप्पट करा, चौपट करा, गटार हा पाऊस कधीच पेलणार नाही.

बरं, हा पाऊस गटारात शिरतो कुठून? गच्चीवरून. घर बांधताना मिस्त्री गच्चीचा पाईप खाली आणतो आणि जवळचं चेंबर बघून त्यात सोडून देतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवरून तासाला ५० मिमीच्या पावसात सेकंदाला सुमारे १.४ लिटर पाणी येतं. तुमच्या गल्लीतली लाईन बहुधा २०० मिमीची असेल. साधारण उतारावर ती भरून वाहिली तरी सेकंदाला वीस-एकवीस लिटर नेते. म्हणजे पंधरा गच्च्यांनी लाईन संपली. सोळाव्या घराच्या संडासात पाणी उलटं येणारच.

दुसरी वाट फुटलेल्या जोडांतून. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. पाईपाखाली मुरमाचा थर नीट दाबून दिलेला नसला की दोन-चार वर्षांत जोड सुटतात, चेंबर एका बाजूला खचतं आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी आत झिरपतं.

म्हणून पहिलं काम फुकटात होण्यासारखं आहे. प्रभागातल्या प्रत्येक गच्चीचा पाईप कुठं उतरतो याची घर नंबरनिशी यादी करा. चेंबरमध्ये उतरणारे पाईप तोडून बाहेर काढायचे. ही यादी हातात नसताना बनवलेला डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, माझ्या लेखी कोरा कागद आहे.

आता पैशाचं. सांडपाणी आणि पावसाचं पाणी यांचे प्रस्ताव वेगळे आणि योजनाही वेगळ्या.

सांडपाण्यासाठी केंद्राच्या दोन मोठ्या योजना आहेत, दोन्ही १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या. अमृत २.० मध्ये मलनिस्सारणाची कामं फक्त पहिल्या अमृतमधल्या ५०० शहरांना मिळतात. आपल्याकडं छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, जालना, बीड, धाराशिव, उदगीर अशी लाखावरची शहरं त्यात येतात. तुमची नगरपरिषद ब वर्ग, म्हणजे ४० हजार ते एक लाख लोकसंख्या. तुम्हाला स्वच्छ भारत मिशन नागरी २.० मधला सांडपाणी व्यवस्थापनाचा भाग लागू पडतो. त्यात केंद्राचा हिस्सा ५० टक्के. पण त्यातून घरोघरच्या गटार लाईनी होत नाहीत. ओढ्याकडे जाणारी सांडपाण्याची नाली तोंडाशी अडवून वळवणं, पंपिंग, प्रक्रिया केंद्र, मैला उपसण्याच्या गाड्या, एवढंच बसतं. पावसाच्या नाल्या त्यात नाहीत. मिशनची पाच वर्षं २०२६ मध्ये भरतात, त्यामुळं तुमच्या गावाचा आराखडा आधी मंजूर आहे का, हे उद्याच विचारा.

पावसाच्या पाण्यासाठी पहिल्या अमृतमध्ये, २०१५ मध्ये, स्वतंत्र घटक होता. २.० मध्ये त्याऐवजी तलाव-सरोवरांच्या पुनरुज्जीवनावर भर आहे. शहरी पुरासाठी १५ व्या वित्त आयोगानं २,५०० कोटी रुपये ठेवले, पण ते मुंबई, पुणे, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद या सात शहरांसाठी. आपल्या तालुक्याच्या गावांना त्यातला रुपयाही नाही. मला हे मनापासून खुपतं. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूरकडं पावसानं काय हाल केले ते सगळ्यांनी पाहिलं.

तुमच्यासाठी खरा रस्ता राज्याचा: महाराष्ट्र सुवर्ण जयंती नगरोत्थान महाअभियान. मोठं काम असेल तर राज्यस्तर, लहान असेल तर जिल्हास्तर, आणि जिल्हास्तराचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो. पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची कामं यात बसतात. उरलेला स्वहिस्सा नगरपरिषदेनं घालायचा असतो आणि तिथंच गाडी अडते. ठरावात स्वहिस्सा कोणत्या खात्यातून देणार ते लिहून घ्या. "उपलब्धतेनुसार" हा शब्द दिसला की समजा, काम अर्ध्यात थांबणार.

याशिवाय राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी आहे, म्हणजे आपत्तीचा धोका आधीच कमी करायच्या कामांचा पैसा. तिथं जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जावं लागतं. त्याला पुराव्याची कागदपत्रं लागतात: पंचनामे, तारखेचे फोटो, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद. आपल्याकडं २४ तासांत ६५ मिमी झाला की अतिवृष्टी म्हणतात, पण नालीला दिवसाचा पाऊस कळत नाही, तासाचा कळतो. जवळपास स्वयंचलित हवामान केंद्र असेल तर तासागणिक आकडे मागा.

---

लातूरचा पाणीवाला:

वरच्या साहेबांच्या गच्चीच्या मुद्द्याला जोडून. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. ते दिवस आम्ही घागरी घेऊन काढलेत. ज्या मुलखात पाणी रेल्वेनं येतं तिथं गच्चीवरचं स्वच्छ पाणी संडासच्या लाईनीत सोडणं मला सहन होत नाही. शंभर चौरस मीटरची गच्ची आणि वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर धरला, तर गळती-बाष्पीभवन वजा जाता पन्नास हजार लिटरच्या वर पाणी मिळतं.

तोडलेला पाईप मोकळा सोडू नका. वाळू-खडीच्या फिल्टरमधून बोअरला जोडा. शोषखड्डा सगळीकडं चालत नाही. काळ्या मातीत तो भरून तसाच राहतो, मुरूम लागला तरच उपयोग. आणि बोअरमध्ये फक्त गच्चीचं पाणी. अंगणातलं, नालीतलं अजिबात नको, नाहीतर अख्ख्या गल्लीचं पिण्याचं पाणी नासेल.

१५ व्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांवरच खर्चायच्या) अनुदानात निम्मा वाटा पाणीपुरवठा, पाऊस साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठीच होता. १ एप्रिल २०२६ पासून १६ व्या आयोगाचा काळ आहे, त्याच्या अटी मागवून घ्या.

---

गाव सेलू, मुक्काम ओहायो:

मी इथं अमेरिकेत एका शहराच्या गटार विभागात काम करतो. इथल्या जुन्या शहरांत सांडपाणी आणि पाऊस मुद्दामच एका पाईपमधून नेलेत, शंभर वर्षांपूर्वीची पद्धत. जास्त पाऊस झाला की ते मिश्रण सरळ नदीत सुटतं. त्यावर केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेचं, ईपीएचं, वेगळं अनुदान आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानं वर्षाला २८ कोटी डॉलरपर्यंत मुभा दिली आणि किमान चौथाई पैसा ग्रामीण व आर्थिक ओढगस्तीतल्या गावांना द्यायची अट घातली. प्रत्यक्षात दरवर्षी त्याहून बरंच कमी सुटतं. पण लहान गावांचा वाटा कायद्यातच लिहिलेला आहे. आपल्याकडं हेच हवंय.

आणि इथंही पहिलं काम गच्चीचे पाईप तोडायचंच असतं. कितीतरी शहरं त्यासाठी घरमालकाला पैसे देतात.

---

सफाई कामगारांचा कार्यकर्ता:

ताई, एक विनंती. चेंबर तुंबलं की लोक ओरडतात आणि कुणीतरी ठेकेदार रोजंदारीवरच्या पोराला दोरी बांधून खाली उतरवतो. हे होऊ देऊ नका. २०१३ च्या कायद्यानं त्यावर बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यायचा आदेश दिला आहे. आत साचलेल्या वायूचा दरवेळी वास येतो असं नाही, माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि वाचवायला उतरणाराही जातो. पाण्याच्या जोरानं तुंबलेलं मोकळं करणारी जेटिंगची आणि गाळ ओढून घेणारी सक्शनची गाडी याच प्रस्तावात मागा. जवळच्या दोन-तीन नगरपरिषदांनी मिळून घेतली तरी चालेल.

---

प्रभाग सातची नगरसेविका:

सगळ्यांचे मनापासून आभार. महिला बचत गटाच्या बायका आणि मी मिळून परवापासून गच्च्यांची यादी सुरू करतोय. जेटिंग गाडीचा विषयही घेते.

साहेब, अजून एक. आमच्या बाजूनं नाली ४५ सेंटिमीटर रुंद, ६० खोल अशी प्रस्तावात धरलीय, ओढ्यापर्यंत. ओढा पुढं राज्यमार्गाखालून दोन नळ्यांतून जातो, त्या निम्म्या गाळानं भरल्यात. हे अंदाजपत्रक बरोबर आहे का?

---

निवृत्त उपअभियंता:

नाही, ताई. ४५ बाय ६० ची नाली, पाचशे मीटरला एक मीटर उतार धरला, तर काठोकाठ भरून सेकंदाला २४० लिटरच्या आसपास नेते. तुमच्याकडं येणार १,९४०. ही मापं रस्त्याच्या कडेच्या नालीची नेहमीची मापं आहेत, जुन्या अंदाजपत्रकातून उचलून टाकलेली. गल्लीतल्या नालीला ती पुरतील. पण सगळ्या गल्ल्यांचं पाणी एकत्र होतं तिथून ओढ्यापर्यंत मोठी मुख्य नालीच लागेल. अभियंत्याला सांगा, क्षेत्रफळ, पावसाची तीव्रता आणि उतार घेऊन प्रत्येक टप्प्याचा हिशेब जोडा. २०१९ ची केंद्राची पावसाळी निचऱ्याची मार्गदर्शिका आहे, तिच्याप्रमाणे. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडं तांत्रिक मान्यतेला प्रस्ताव गेला की हा तक्ता मागतातच, मग आत्ताच करून घ्या.

सेप्टिक टँकचं सांडपाणी याच नालीत सोडणार असतील तर तेही आत्ताच स्पष्ट करून घ्या. उन्हाळ्यात मोठ्या नालीत थोडं पाणी संथ वाहतं, गाळ बसतो. सेकंदाला ०.६ मीटरपेक्षा कमी वेग झाला की घाण तळाला धरते आणि जूनमध्ये नाली आधीच अर्धी भरलेली असते. तळाला मधोमध एक छोटी खोलगट वाट ठेवली की थोडं पाणीही वेगानं जातं.

राज्यमार्गाखालच्या त्या नळ्यांचं, म्हणजे मोरीचं, तुम्ही नेमकं हेरलंत. ती सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात असणार, नगरपरिषदेला परस्पर हात लावता येणार नाही. मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र आजच जाऊ द्या: नळ्यांचा गाळ मे अखेर काढावा आणि नळ्यांच्या जागी पेटी मोरीचं (चौकोनी काँक्रीट मोरीचं) अंदाजपत्रक करावं. त्या पत्राची पोच तुमच्या फाईलला लावा, पुढं जिल्हा नियोजनच्या बैठकीत तीच कामी येते.

आणि काम खालून वर करत आणायचं. आधी मोरी, मग ओढ्याचा काठ, मग मुख्य नाली, शेवटी गल्ल्या. ठेकेदार वरून सुरू करतो, कारण बाजारपेठेत काम दिसतं आणि पहिलं बिल लवकर निघतं. मग वरचं पाणी आणखी वेगानं तुमच्या प्रभागात येऊन साचतं. कामाचा क्रम वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या, आणि मोरीकडचा टप्पा मोजमाप पुस्तिकेत चढल्याशिवाय वरच्या टप्प्याचं बिल काढायचं नाही, ही अट ठरावात घाला.