मदत हवी आहे : एईडीच्या पाटीवर 'शॉक'ला मराठीत काय लिहू?

आमच्या सोसायटीच्या लॉबीत एईडी बसवलंय, हृदय अचानक बंद पडलं तर छातीला पॅड चिकटवून शॉक देणारं मशीन. शेजारच्या मराठी पाटीचं काम माझ्याकडे आहे आणि दोन ठिकाणी अडकलेय.

शॉकला 'झटका' लिहावं तर हार्ट अटॅकलाही आपण हृदयविकाराचा झटकाच म्हणतो. त्यात अटॅक म्हणजे हृदयाचा रक्तपुरवठा अडणं, माणूस बरेचदा शुद्धीवर असतो, बोलत असतो, त्याला हे पॅड लावायचे नसतात. मशीन कार्डिअ‍ॅक अरेस्टसाठी आहे, माणूस बेशुद्ध आणि श्वास नीट नाही अशा वेळी.

दुसरी अडचण जास्त काळजीची. मशीन इंग्रजीत 'नो शॉक अ‍ॅडव्हाइज्ड', म्हणजे 'शॉक देऊ नका', म्हणतं. सरावात वॉचमन काकांनी ते ऐकलं आणि पुतळ्याच्या छातीवरून हातच काढले, म्हणाले, "ताई, वाचला ना?" अहो, ईसीजीची रेषा सपाट असली तरी मशीन हेच बोलतं, लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, सुरू करायचा असतो!

'विद्युत आघात' लिहून पाहिलं, काकांना वाटलं कुणाला करंट लागलाय. ओळखीचे डॉक्टर म्हणाले इंग्रजीच ठेवा, पण रात्री ड्युटीवर काकाच असतात. मशीनची भाषा बदलता येत नाही, विचारून झालंय. 108 आणि मिनिटाला 100 ते 120 दाब हे पाटीवर आहेच, जागा आता दोनच ओळींची उरलीये.

तर 'शॉक' तसाच ठेवू का? आणि 'नो शॉक'च्या पुढे असं काय लिहू की ऐकणाऱ्याचे हात थांबणार नाहीत?