मदत हवी आहे: सरकत्या फळीवरून बेडूक पडतो (अर्जंट)

घागरगडी
नमस्कार मंडळी. प्लॅटफॉर्मर (फळ्यांवर उड्या मारत पुढे जायचा) गेम करतोय. विहिरीत पडलेला बेडूक मोटेवर, फळ्यांवर उड्या मारत वर येतो. बाकी सगळं झालंय, पण फळी आडवी सरकली की बेडूक जागच्या जागी राहतो आणि फळी पायाखालून निघून जाते. घर्षण वाढवून पाहिलं, ढिम्म फरक नाही. परवा सबमिशन आहे. कृपया 'यूट्यूब बघा' म्हणू नका, सगळं बघून झालंय. जाणकारांनी लवकर सांगावं.

तांबडा_पांढरा
इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) कुठलं? फळी कशाने हलवताय? बेडकाची बॉडी (टकरी-हालचालीचा हिशेब ठेवणारा भाग) कुठल्या प्रकारची? एवढं तरी लिहा की राव.

घागरगडी
गोडो. फळी अ‍ॅनिमेशनने हलते आणि व्यवस्थित हलते. प्रश्न बेडकाचा आहे.

निवांत_निनाद
गोडो सोडा हो. युनिटी इंजिनात हे दोन मिनिटांचं काम आहे. फळीला टेकला की बेडकाला तिचा चाइल्ड करायचा (म्हणजे ती हलली की तोही हलतो), सुटला की बाहेर काढायचा. मी सगळीकडे हेच करतो, कधी अडलं नाही.

तांबडा_पांढरा
परवा सबमिशन आणि तुम्ही इंजिन बदलायला सांगताय, धन्य आहात! शिवाय चाइल्ड करण्यात गोम आहे. लांब दिसावी म्हणून फळी एकाच बाजूला ताणलेली असेल आणि वर ती फिरतही असेल, तर चाइल्डचा आकार वेडावाकडा होतो.

निवांत_निनाद
म्हणून मध्ये एक रिकामा ऑब्जेक्ट ठेवायचा, स्केल सगळीकडे १, म्हणजे न ताणलेला. फळीचं चित्र त्याच्या पोटात, बेडूकही त्याच्याच पोटात. हे माहीत नसेल तर चाइल्ड पद्धतीला नावं ठेवू नयेत.

सई_सातारकर
भांडा नंतर. @घागरगडी, गोडो ३ की ४? आणि फळी उभी, म्हणजे वरखाली हलवली तर काय होतं?

घागरगडी
४ असेल, नुकतंच उतरवलंय. वर जाताना बेडूक मस्त वर जातो. खाली येताना थरथरतो, मधूनच पडण्याचं अ‍ॅनिमेशन लागतं. पण मी आडव्याचं विचारतोय.

पाटीलकाका
वा, विषय भारी. आमच्या वेळी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम असायचा. १९८५ च्या मारिओत तराजूसारख्या दोन फळ्या होत्या. एकीवर उभं राहिलं की ती खाली, दुसरी वर. फार रेंगाळलात की दोन्ही तुटून खाली. त्याआधी १९८१ च्या डाँकी काँगमध्येही लिफ्टची आख्खी पातळी होती. तुमच्या मोटेला हा तराजू द्या. बेडूक मोटेत बसला की मोट खाली आणि बैल मागे.

रानवाट
काका, बैल मागे सरकले की मोट खाली जाते, धाव (बैलांची उतरती वाट) उतरले की वर येते. म्हणजे ओढायला बैल हवेत, बेडकाच्या वजनाने काही होणार नाही. आणि मोट आडवी सरकत नाही, तेव्हा मूळ प्रश्नच चुकीचा आहे.

घागरगडी
आडवी फळी वेगळी आहे! मोट वेगळी!! कुणी उत्तर देणार का?

सई_सातारकर
देते. तुमची फळी स्टॅटिकबॉडी२डी (एका जागी राहणारी बॉडी) आहे ना? लक्षणं तीच सांगतात. स्टॅटिक बॉडीला अ‍ॅनिमेशनने हलवलं की फिजिक्सच्या हिशेबी ती 'चालत' नाही, दर फ्रेमला नवीन जागी प्रकट होते. तिला वेग नसतो, म्हणून बेडकाला सोबत नेता येत नाही. वर जाताना ती बेडकात घुसते आणि इंजिन त्याला बाहेर ढकलतं, म्हणून तुम्हाला वाटतं की चढताना चालतंय. उतरताना ती खालून सटकते, बेडूक गुरुत्वाकर्षणाने मागोमाग पडतो, हीच ती थरथर. घर्षणाचा इथे काही संबंध नाही, कॅरेक्टरबॉडी२डी (कोडने हलणाऱ्या पात्राची, म्हणजे बेडकाची बॉडी) घर्षण बघतच नाही.
आता फळीच्या नोडवर (गेममधल्या तिच्या घटकावर) राइट क्लिक, प्रकार बदला, अ‍ॅनिमेटेबलबॉडी२डी (हलत्या फळ्यांसाठीची बॉडी) करा. इन्स्पेक्टरमध्ये (नोडच्या सेटिंग्जमध्ये) 'सिंक टू फिजिक्स' चालू आहे ना ते बघा. अ‍ॅनिमेशनप्लेअरचा कॉलबॅक (हालचाल कधी करायची ते) 'आयडल'वर असेल तर 'फिजिक्स' करा. बेडकाच्या कोडमध्ये मूव्ह-अँड-स्लाइड (पात्र हलवायचं फंक्शन) असेल तर तिथे एक ओळही बदलायची नाही.

मी_पुणेकर
छान चर्चा. अवांतर: गेम बनवायला शिकायचं असेल तर ४० हजारांत कुठला लॅपटॉप घ्यावा? ग्राफिक्स कार्ड लागतं का?

घागरगडी
चाललं!!! सईताई, धन्यवाद. हे ट्यूटोरियलवाले कुठेच का सांगत नाहीत, कळत नाही.
पण आता मोट खाली येत असताना उडी मारली तर उडी निम्मीच बसते. वर जाताना मारली तर बेडूक पार विहिरीबाहेर. आधी असं होत नव्हतं.

निवांत_निनाद
बघा. चाइल्ड केला असता तर हे झालंच नसतं.

सई_सातारकर
नसतं झालं, कारण चाइल्डला फळीचा वेग आपोआप मिळतच नाही. सरकत्या फळीवरून पुढे उडी मारली तरी वेग मागेच राहिला असता, ते जास्त विचित्र दिसतं.
@घागरगडी, बेडकाच्या इन्स्पेक्टरमध्ये 'मूव्हिंग प्लॅटफॉर्म'खाली 'ऑन लीव्ह' आहे. मुळात तिथे 'वेग मिळवा' निवडलेलं असतं, म्हणून उतरत्या मोटेचा खालचा वेग उडीतून वजा होतो. दुसरा पर्याय आहे 'फक्त वरचा वेग मिळवा'. तो घेतला की खालचा वेग धरला जात नाही आणि उतरत्या मोटेवरूनही उडी पूर्ण बसते. तिसऱ्यात काहीच मिळत नाही. विहिरीबाहेर उडणं नको असेल तर तिसरा घ्या, पण माझं ऐकाल तर दुसरा घेऊन विहीर थोडी खोल करा. चढत्या मोटेवरून नेमक्या क्षणी उडी मारली तर उंच जाता येतं, ही खेळणाऱ्याला मजा आहे. सेलेस्ट (२०१८) मध्ये सरकत्या ठोकळ्यांचा असा वेग उडीला मिळतो. ठोकळा थांबल्यावरही क्षणभर तो वेग धरून ठेवतात, म्हणजे बोट जरा उशिरा पडलं तरी उडी फुकट जात नाही.

तांबडा_पांढरा
+१. सेलेस्टवाल्यांची विभागणी सोपी आहे. जगात दोनच जाती, हलणारे ठोकळे आणि पात्रं. ठोकळा सरकताना वाटेत येणाऱ्याला ढकलतो, डोक्यावर बसलेल्याला सोबत नेतो. पात्र ठोकळा आणि भिंतीच्या मध्ये चिरडलं तर मेलं. तुमची मोट काठावरच्या दगडाखाली थांबते का? तिथे बेडकाचं काय होतं ते आजच तपासा, परीक्षक पहिलं तेच करून बघतील.

रानवाट
@मी_पुणेकर, टूडीला वेगळं कार्ड लागत नाही. रॅम मात्र १६ घ्या.

घागरगडी
दुसरा पर्याय घेतला, भारी वाटतंय. काठाला चिरडत नाही, आरपार जातो, ते बघतो.
शेवटचं: फळीवर लाकडी खोका ठेवलाय. तो ढकलून खटक्यावर नेला की मोट सुरू होते. पण बेडूक खोक्याला भिंतीसारखा अडतो, खोका तसूभर हलत नाही.

सई_सातारकर
खोका रिजिडबॉडी२डी (वजन-धक्क्याने हलणारी बॉडी) आहे का? असेल तर गोडो ४ मध्ये कॅरेक्टरबॉडी त्याला आपणहून ढकलत नाही. मूव्ह-अँड-स्लाइड झाल्यावर कुणाकुणाला धडकलो त्याची यादी मिळते. तीत खोका सापडला की धडकेच्या नॉर्मलच्या उलट दिशेने, म्हणजे बेडकापासून दूर, त्याला धक्का द्यायचा. धक्का लहान ठेवा, नाहीतर खोका थेट पाण्यात. आणि खटका एरिया२डी (आत कोण आलं ते कळवणारी जागा) असेल तर त्याचा मास्क (कुठले लेयर, म्हणजे गट, बघायचे ते) बघा. खोक्याचा लेयर त्यात नसेल तर खोका वर जाऊन बसला तरी सिग्नल येणार नाही.

निवांत_निनाद
खोक्याला रिजिडबॉडी कशाला हवी? खोकाही कॅरेक्टरबॉडीच करा.

तांबडा_पांढरा
मग एकावर एक दोन खोके ठेवले की काय करायचं, तेही लिहा.